पंचेचाळीस हजार डॉलरचा कागद

भ्रष्ट सुपरहीरोंविरुद्ध उभ्या राहिलेल्या टोळीत एक साधा विक्रेता कसा ओढला जातो, याची गोष्ट 'द बॉईज' सांगते. रक्तपात आणि शिवराळ भाषेमुळे गाजलेल्या या मालिकेच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे. गुन्हेगार कायद्याच्या वर असेल, तर ज्याचे माणूस गेले त्याने जायचे कुठे?

न्यूयॉर्कमधील एका रस्त्याच्या कडेला एक तरुण आणि त्याची मैत्रीण बोलत उभे आहेत. तो इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानातला विक्रेता आहे. बोलता बोलता ती पदपथावरून एक पाऊल खाली उतरते आणि पुढच्या क्षणी ती तिथे नसते. उरतो तो रक्ताचा फवारा आणि त्या तरुणाच्या मुठीत राहिलेले तिचे तुटलेले हात. जगातला सर्वांत वेगवान माणूस म्हणून मिरवणारा 'ए-ट्रेन' नावाचा सुपरहीरो तिच्या शरीरातून आरपार धावत गेलेला असतो. क्षणभर तो थबकतो, आपल्याला थांबता येणार नाही असे काहीसे पुटपुटतो आणि पुन्हा दिसेनासा होतो.

काही दिवसांतच त्या तरुणाच्या घरी कंपनीचा माणूस येतो. कंपनीचे नाव वॉट. देशातील झाडून सारे नामांकित सुपरहीरो तिच्या पदरी नोकरीला आहेत. कंपनीला अतीव दुःख झाल्याचे सांगून तो एक कागद पुढे करतो. पंचेचाळीस हजार डॉलर घ्या, सही करा आणि या विषयावर पुन्हा कुठेही बोलू नका, असा त्या कागदाचा मतितार्थ.

तो तरुण म्हणजे ह्युई कॅम्पबेल. वडिलांचे मत पडते की सही करून मोकळे व्हावे, कारण भांडण हा तुझा पिंडच नाही. वडिलांचे निदान चुकीचे नाही. ह्युई खरोखरच भांडखोर नाही, शूर नाही, फारसा हुशारही नाही. मात्र त्या दिवशी त्याचा हात त्या कागदावर सही करायला धजत नाही आणि तिथूनच सारे कथानक सुरू होते.

(ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही आणि पाहण्याचा विचार आहे, त्यांनी पुढील मजकुरात कथानकातील अनेक वळणे उघड होणार आहेत याची नोंद घ्यावी. मालिका केवळ प्रौढांसाठी आहे, हेही सांगितलेले बरे. घरातील मुलांना 'सुपरमॅनसारखे काहीतरी' म्हणून लावून देण्याची ही गोष्ट नव्हे.)

सहा अंकांनंतर बंद

मुळात ही कॉमिक पुस्तकांची मालिका. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेले लेखक गार्थ एनिस आणि अमेरिकी चित्रकार डॅरिक रॉबर्टसन यांनी ती २००६ मध्ये सुरू केली. प्रकाशक होती डीसी कॉमिक्सची 'वाइल्डस्टॉर्म' ही शाखा. डीसी म्हणजे सुपरमॅन आणि बॅटमॅन यांचे घर. सुपरहीरोंची इतकी यथेच्छ निंदानालस्ती आपल्याच छत्राखाली छापली जात असल्याचे पाहून कंपनी अस्वस्थ झाली आणि जानेवारी २००७ मध्ये, अवघ्या सहा अंकांनंतर, मालिका बंद करण्यात आली. सुदैवाने हक्क लेखक-चित्रकारांकडे परत आले. त्यांनी ती 'डायनामाइट' या प्रकाशनाकडे नेली आणि तेथे ती ७२ अंक पुरे करून २०१२ मध्ये संपली.

कॉमिकमधला ह्युई स्कॉटलंडचा. त्याचा चेहरा रॉबर्टसन यांनी सायमन पेग या ब्रिटिश अभिनेत्यावरून घेतला होता. एरिक क्रिपके यांनी ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओसाठी या कथेची मालिका केली, तिचे पहिले पर्व २६ जुलै २०१९ रोजी आले. तोपर्यंत पेग यांचे वय ह्युईच्या भूमिकेच्या पुढे गेले होते. मग ह्युई झाला जॅक क्वेड आणि पेग झाले त्याचे वडील. सही करून टाक म्हणणारे वडील ते हेच. २०२४ पर्यंत मालिकेची चार पर्वे आली आणि पाचवे पर्व अखेरचे असेल, हे क्रिपके यांनी त्याच वर्षी जाहीर केले. दुसऱ्या पर्वाला एमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचे नामांकनही मिळाले होते. जगातील सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एका कंपनीच्या पैशावर महाकाय कंपन्यांच्या अनीतीची गोष्ट सांगितली जाते, हा विनोद मालिकेच्या निर्मात्यांच्या ध्यानात आला नसेल असे समजण्याचे कारण नाही.

आधी माहिती, मग काम, मग गुन्हा

ह्युईच्या दुकानात एके दिवशी काळा कोट घातलेला एक दाढीवाला येतो. बिली बुचर. आपण एफबीआयचे आहोत असे तो सांगतो आणि ते धादांत खोटे असते. पण त्याच्याकडे एक खरी गोष्ट असते. सुपरहीरो लोकांच्या नजरेआड जिथे मौजमजा करतात अशा एका क्लबात तो ह्युईला घेऊन जातो आणि तेथील कॅमेऱ्याचे चित्रण दाखवतो. त्यात ए-ट्रेन आपल्या मित्राला ती घटना सांगत असतो. सांगताना तो हसत असतो.

या प्रसंगाकडे नीट पाहिले पाहिजे. बुचर ह्युईला कोणतेही तत्त्वज्ञान ऐकवत नाही. देश, न्याय, क्रांती असले शब्द तो काढत नाही. तो फक्त त्याचे दुःख अपमानात बदलून देतो. दुःखी माणूस घरी बसतो, अपमानित माणूस उठतो. अशा गटांचे म्होरके हे फार चांगले जाणतात.

त्यानंतर एक छोटेसे काम सांगितले जाते. वॉटच्या उत्तुंग इमारतीत, जिथे 'द सेव्हन' या सात बिनीच्या सुपरहीरोंच्या बैठका होतात, तिथे छुपा ध्वनिग्राहक बसवायचा. बुचरकडे बळ आहे, अनुभव आहे, सीआयएमधील जुने लागेबांधेही आहेत. मग हे काम एका विक्रेत्याला का? कारण त्या इमारतीत उजळ माथ्याने शिरण्याचे कारण फक्त ह्युईकडे आहे. कागदावर सही करायला मी तयार आहे, पण ए-ट्रेनने समोर येऊन माफी मागावी, एवढे त्याने म्हणायचे. त्याचे दुःख हेच त्याचे प्रवेशपत्र. सामान्य माणसाला या गटाची गरज आहे असे आपल्याला वाटत राहते. प्रत्यक्षात गटाला सामान्य माणसाची गरज कितीतरी अधिक असते. त्याच्याशिवाय हा गट म्हणजे केवळ काही संतापलेले, शस्त्रधारी लोक.

ह्युई ते काम करतो. अदृश्य होऊ शकणारा ट्रान्सल्युसंट नावाचा सुपरहीरो त्याच्या मागावर दुकानापर्यंत येतो. मारामारी होते, ट्रान्सल्युसंट पकडला जातो आणि आता त्याचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. त्याला सोडले तर सर्वांचे मरण निश्चित. त्याची कातडी हिऱ्यासारखी अभेद्य, त्यामुळे स्फोटके शरीराच्या आत ठेवण्याचा तोडगा गटातला फ्रेंची काढतो. पण अखेरच्या घटकेला बुचर जागेवर नसतो. बंदिवान अतिशय समंजसपणे ह्युईशी बोलतो, तू खुनी नाहीस हे त्याला पटवतो आणि दाराकडे निघतो. रिमोटचे बटण ह्युईच्या हातात असते. तो ते दाबतो.

दुसऱ्या भागाच्या अखेरीस हे घडते. पदपथावरच्या त्या पावलापासून इथपर्यंत कुठेही ह्युईने 'मी या गटात सामील होतो' असे म्हटलेले नाही. कुणी शपथ दिली नाही, कुणी नाव नोंदवले नाही. एक चित्रण पाहिले, एक काम केले, एक चूक झाली, ती निस्तरताना एक खून झाला. आता पोलिसांकडे जाणे शक्य नाही, दुकानात परतणे शक्य नाही. गटाबाहेर त्याला जागाच उरलेली नाही. म्हणजे तो आत आला असे म्हणण्यापेक्षा बाहेरचे सारे रस्ते एकेक करून बंद झाले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

दरम्यान उद्यानातल्या एका बाकावर त्याची ॲनी नावाच्या मुलीशी ओळख होते. ती 'स्टारलाइट' या नावाने नुकतीच सेव्हनमध्ये दाखल झालेली. पहिल्याच दिवशी तिथल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तिच्यावर लैंगिक जबरदस्ती केलेली असते. ती कोण आहे हे कळताच बुचर त्या ओळखीचाही वापर करायला लावतो. प्रेमात पडत असलेल्या मुलीला फसवताना ह्युईचा जो चेहरा होतो, तो जॅक क्वेडने फार चांगला दाखवला आहे. खून करताना दिसला नव्हता इतका तो तिथे अपराधी दिसतो.

पण मग न्यायालय?

सुजाण वाचक विचारील की या बाबाने सरळ खटला का भरला नाही? मालिका या प्रश्नाला बगल देत नाही, हा तिचा मोठा गुण. पुढच्या पर्वांत ती एकेक सनदशीर दार उघडून दाखवते आणि त्यामागे काय आहे तेही दाखवते. गटातला मदर्स मिल्क हा सर्वांत शिस्तीचा माणूस. त्याच्या वडिलांनी वकील म्हणून वॉटविरुद्ध लढण्यात आयुष्य वेचले आणि हाती काही लागले नाही. दुसऱ्या पर्वात संसदीय समितीपुढे सुनावणी होते, तर साक्ष सुरू असतानाच उपस्थितांची डोकी फुटू लागतात. तिसऱ्या पर्वाच्या प्रारंभी ह्युई चक्क सरकारी नोकर झालेला आहे. सुपरहीरोंच्या गैरवर्तनावर देखरेख ठेवणाऱ्या खात्यात तो टाय लावून कामाला जातो, कायद्याच्या मार्गाने काही होऊ शकते असे बुचरला सांगतो. मग त्याला कळते की खात्याची प्रमुख व्हिक्टोरिया न्यूमन हीच छुपी सुपरहीरो आहे आणि ती डोकी तिनेच फोडली होती.

डोकी फुटण्याचा भाग कल्पनेतला. कागदाचा भाग मात्र मुळीच काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये चित्रपट निर्माता हार्वी वाइनस्टीन याच्याविरुद्धची पहिली मोठी बातमी न्यूयॉर्क टाइम्सने छापली, तेव्हा त्याने पूर्वी किमान आठ महिलांशी पैसे देऊन तडजोडी केल्याचे उघड झाले होते. अशा तडजोडींतील मौनाच्या अटींमुळेच प्रकरण वर्षानुवर्षे दबून राहिले. मालिकेतील ॲनीची कथा त्या काळातच लिहिली गेली आणि तिच्यावर त्याची दाट छाया आहे. पुढे अमेरिकेत 'स्पीक आउट' नावाचा कायदा झाला, त्यावर डिसेंबर २०२२ मध्ये स्वाक्षरी झाली. पण त्याची मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. लैंगिक छळाच्या बाबतीत, तंटा उद्भवण्यापूर्वीच लिहून घेतलेल्या मौनाच्या अटी तो रद्द ठरवतो. घटना घडून गेल्यानंतर केलेल्या तडजोडीतील अटींना तो हात लावत नाही. अपघाती मृत्यूचा तर त्यात संबंधच नाही. तेव्हा ह्युईपुढे ठेवला तसा कागद आजही कुणापुढे ठेवता येतो.

प्रस्तुत वार्ताहराने काही वर्षे अपघात आणि न्यायालयांच्या बातम्या केल्या आहेत. शवागाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांपुढे असाच एक टंकलिखित कागद ठेवलेला एकदा पाहिला होता. आणणारा गृहस्थ अत्यंत सौजन्याने बोलत होता. ज्याला सही करायची होती त्याने चष्मा घरी राहिल्याचे सांगितले. त्या सबबीचे तेव्हा काहीच वाटले नव्हते. ह्युईच्या घरातला प्रसंग पाहताना तो चष्मा आठवला.

एकशे तीस डॉलर

इथे थोडे मागे जावे लागेल. भ्रष्टाचाऱ्यांविरुद्ध कायद्याबाहेर जाऊन लढणारा माणूस, हे ह्युईच्या टोळीचे वर्णन झाले. पण १९३८ मध्ये हेच वर्णन खुद्द सुपरहीरोचे होते.

जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला, तेव्हा तो परग्रहावरच्या राक्षसांशी लढत नव्हता. पहिल्याच कथेत तो एका निरपराध स्त्रीची फाशी टाळण्यासाठी राज्यपालांच्या घराचे दार तोडतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि वॉशिंग्टनमधील एका सिनेटरला वश करणाऱ्या दलालाच्या मागे लागतो. पुढच्या एका अंकात तो असुरक्षित खाणीच्या मालकाला त्याच खाणीत उतरवतो. १९३९ च्या प्रारंभी तर तो आख्खी झोपडपट्टी पाडून टाकतो, का, तर सरकारला तिथे बरी घरे बांधणे भाग पडावे म्हणून! तो मंदीचा काळ होता आणि दोन गरीब पोरांनी रचलेला हा नायक सरळसरळ कायदा हातात घेणारा होता.

त्या दोघांनी या नायकाचे सारे हक्क १३० डॉलरला लिहून दिले. तेव्हा त्यांना ४१२ डॉलरचा धनादेश मिळाला, त्यात इतर कामांच्या मोबदल्याबरोबर सुपरमॅनचे हे १३० होते. नंतर कोर्टकचेऱ्या झाल्या. १९७५ मध्ये, सुपरमॅनच्या मोठ्या चित्रपटाची तयारी चालू असताना, बोभाटा झाल्यावर कंपनीने दोघांना वार्षिक २० हजार डॉलर निवृत्तिवेतन आणि श्रेयनामावलीत स्थान देऊ केले. तो जुना धनादेश २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला.

मधल्या काळात नायकाचाही स्वभाव पालटला. १९५४ मध्ये अमेरिकी कॉमिक प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. पोलिस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असे काही छापायचे नाही, असा तिचा एक दंडक होता. खाणमालकाला खाणीत उतरवणारा सुपरमॅन तिथे बसणारा नव्हता. तो व्यवस्थेचा रखवालदार झाला आणि त्याची छबी शाळेच्या डब्यांवर गेली. मार्व्हलने ही संहिता २००१ मध्ये सोडली, डीसीने २०११ मध्ये. एनिस यांचे कॉमिक सुरू झाले ते नेमके या दोन तारखांच्या मध्ये.

एनिस यांनी केले ते इतकेच, की नायक हा कंपनीच्या मालकीचा माल असतो हे कागदावरचे सत्य त्यांनी कथेत आणले. वॉटचे सुपरहीरो गुन्हे थांबवतात तेव्हा कॅमेरे आधीच लावलेले असतात. कुठल्या शहरात कोण तैनात राहील याचे सौदे महापौरांशी होतात. त्यांची शक्ती जन्मजात किंवा ईश्वरदत्त नसून तान्ह्या मुलांना 'कंपाउंड व्ही' नावाचे द्रव्य टोचून ती निर्माण केली जाते, हे पहिल्या पर्वातले मोठे रहस्य. आणि सर्वांत बलाढ्य असा होमलँडर, खांद्यावर अमेरिकेचा झेंडा पांघरलेला, अपहृत विमान वाचवायला जातो, डोळ्यांतल्या किरणांनी चुकून विमानाची यंत्रणा निकामी करतो आणि साक्षीदार नकोत म्हणून प्रवाशांना तसेच सोडून निघून जातो. नंतर किनाऱ्यावर उभा राहून तो भाषण करतो, की सुपरहीरोंना सैन्यात घेतले असते तर हे घडले नसते.

लाल टोपीवाले आणि भुयारी रेल्वेतला माणूस

ज्या शहरात ह्युईची कथा घडते त्या न्यूयॉर्कला अशा माणसांचा खरा अनुभव आहे. १९७९ मध्ये ब्रॉन्क्स भागातील मॅकडोनल्ड्सच्या एका उपाहारगृहात रात्रपाळीचा व्यवस्थापक असलेल्या कर्टिस स्लीवा या तरुणाने भुयारी रेल्वेत गस्त घालण्यासाठी तेरा जणांचा गट उभारला. तेच पुढे 'गार्डियन एंजल्स' म्हणून जगभर पसरले. लाल टोप्या, पांढरे सदरे, निःशस्त्र पण दणकट. पोलिसांना ते खटकत, प्रवाशांना आधार वाटत. १९९२ मध्ये स्लीवा यांनीच कबूल केले, की सुरुवातीच्या काळातील आपले काही पराक्रम प्रसिद्धीसाठी रचलेले होते. वॉटच्या प्रसिद्धी विभागाने यापेक्षा वेगळे काय केले असते? स्लीवा पुढे रेडिओवर गाजले आणि २०२१ व २०२५ अशा दोन वेळा रिपब्लिकन पक्षातर्फे महापौरपदाची निवडणूक लढवून हरले.

दुसरा माणूस बर्नार्ड गोट्झ. घरूनच इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करणारा. १९८१ मध्ये त्याला लुटारूंनी मारहाण केली होती. २२ डिसेंबर १९८४ रोजी भुयारी रेल्वेत चार तरुणांनी त्याच्याकडे पाच डॉलर मागितले. त्याने पिस्तूल काढून चौघांवर गोळ्या झाडल्या. त्यातला एक कायमचा अपंग झाला. मारेकऱ्याची माहिती मिळावी म्हणून पोलिसांनी दूरध्वनी क्रमांक जाहीर केला, तर त्यावर त्याचे अभिनंदन करणाऱ्यांचीच रीघ लागली. १९८७ मध्ये ज्युरीने त्याला खुनाच्या प्रयत्नातून मुक्त केले आणि केवळ विनापरवाना शस्त्रासाठी दोषी धरले. १९९६ मध्ये दिवाणी ज्युरीने अपंग झालेल्या तरुणाला ४ कोटी ३० लाख डॉलर देण्याचा आदेश दिला. एकाच कृत्याला बारा वर्षांत एकाच शहराने दिलेली ही दोन उत्तरे.

आणि ४ डिसेंबर २०२४. आरोग्य विमा क्षेत्रातील एका बलाढ्य कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची मॅनहॅटनमधील हॉटेलबाहेर गोळ्या घालून हत्या झाली. पाच दिवसांनी एका तरुणाला अटक झाली. त्याने गुन्हा नाकबूल केला. मात्र दाव्यांना नकार मिळालेल्या असंख्य लोकांनी मृताविषयी हळहळण्याऐवजी आपापल्या कहाण्या सांगायला सुरुवात केली. त्या कहाण्या खऱ्या होत्या. रस्त्यावर पडलेला माणूसही खरा होता, त्यालाही घरी मुले होती. बुचरसारखा माणूस यातला पहिला अर्धा भागच ऐकवतो.

मराठी प्रेक्षकाला इथे निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' (२००५) आठवल्यावाचून राहणार नाही. संदीप कुलकर्णींनी साकारलेला माधव आपटे हा बँकेतला प्रामाणिक नोकरदार, तोही एका दिवशी सहन करणे थांबवतो. परंतु माधव एकटा आहे. त्याला कुणी बुचर भेटत नाही. त्यामुळे त्याचा शेवट लवकर होतो आणि आपण त्याच्यासाठी हळहळू शकतो. ह्युईला सोबत मिळते, साधने मिळतात, म्हणून तो टिकतो, आणि टिकल्यामुळेच बदलतो.

औषध एकच

हा बदल तिसऱ्या पर्वात पुरता उघड होतो. चोवीस तासांपुरती महाशक्ती देणारे तात्पुरते 'व्ही' बुचरच्या हाती लागते. ज्या द्रव्याविरुद्ध लढायचे तेच टोचून लढायचे, असा त्याचा हिशेब. ह्युईही ते घेतो. आता त्याला क्षणार्धात एका जागेहून दुसऱ्या जागी जाता येते, मात्र कपडे मागेच राहतात, हा मालिकेचा खास आचरटपणा. ॲनी विचारते, तुला हे कशाला हवे? तो म्हणतो, तुला वाचवायला. आपल्याला वाचवायला कुणी सांगितले, हा तिचा सवाल त्याला समजायला बराच काळ जातो. आपल्या मैत्रिणीला वाचवू न शकलेला तो विक्रेता अजून त्या पदपथावरच उभा असतो. हे द्रव्य मेंदूला घातक असल्याचे कळूनही बुचर ते त्याच्यापासून लपवू पाहतो.

कॉमिकमध्ये हे आणखी निष्ठुर आहे. तिथे बुचर सुरुवातीलाच ह्युईला न विचारता ते द्रव्य टोचतो. वॉट कंपनी तान्ह्या मुलांशी जे करते तेच.

तिसऱ्या पर्वाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर, शेकडो लोकांच्या देखत, होमलँडर एका निदर्शकाला ठार मारतो. त्या माणसाने काहीतरी फेकून मारलेले असते, इतकेच निमित्त. क्षणभर शांतता पसरते. होमलँडरलाही वाटते की आता संपले. मग गर्दीतला एक जण आनंदाने ओरडतो आणि पाहता पाहता सारा जमाव टाळ्या वाजवू लागतो. क्रिपके यांनी मुलाखतींतून होमलँडरचे साम्य डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी असल्याचे उघडपणे सांगितले आहे. गंमत अशी, की अनेक प्रेक्षक दीर्घकाळ होमलँडरलाच नायक मानत होते. जुलै २०२४ मध्ये ट्रम्प यांच्यावर सभेत गोळीबार झाला, तेव्हा चौथ्या पर्वाचा अखेरचा भाग काही दिवसांवर आला होता. त्यात राजकीय हत्येचा कट होता. भागाचे नाव ऐनवेळी बदलून त्याला प्रेक्षकांसाठी खुलासा जोडण्यात आला.

त्याच चौथ्या पर्वात ए-ट्रेन या गटाला वॉटच्या आतल्या बातम्या पुरवू लागतो. ज्याच्यामुळे हे सारे सुरू झाले तो माणूस ह्युईच्या बाजूला येऊन उभा राहतो आणि ह्युई त्याला मारत नाही. रागाचे काय करायचे याचे उत्तर ह्युईने बुचरपेक्षा निराळे शोधायला सुरुवात केल्याची ही खूण.

कॉमिकमध्ये एनिस यांनी त्याला हा अवकाश दिला नाही. तिथे सुपरहीरोंचा पाडाव झाल्यावरही बुचरचे समाधान होत नाही. ज्याच्या रक्तात ते द्रव्य आहे अशा प्रत्येकाला संपवायची योजना तो आखतो आणि आड येणाऱ्या आपल्याच साथीदारांना, मदर्स मिल्कला, फ्रेंचीला, एकेक करून मारतो. त्याला थांबवायला उरतो एकटा ह्युई. दुकानात येऊन एफबीआयचा म्हणून ओळख सांगणाऱ्या माणसाचा शेवट त्या विक्रेत्याच्याच हातून होतो.